डांगरीची गोधडी

आमच्या गावाजवळच्या गोरेगावच्या स्टँडवर जीप भरत आली होती आणि मी रुसून बसले होते. नर्सिंग शिकायला पुण्याला निघालेली पोरगी माय सुटते म्हणून रडते. मी रडत होते ते एका गोधडीपायी. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं, आणि त्यांच्या कपड्यांची ती गोधडी थोरल्या बहिणीनं, आक्कानं, काही केल्या दिली नव्हती. "तुला कशाला? तिकडं पुण्यात रजई भेटन," म्हणाली.

बाबा फौजेत गाड्यांच्या वर्कशॉपात होते. ट्रकचे ब्रेक उघडायचे, आतली पांढुरकी धूळ हवेच्या पाइपनं उडवायची, हे त्यांचं काम. सुट्टीवर गावी, साखऱ्याला येताना ते जुन्या डांगऱ्या, म्हणजे कामावरचे अखंड कपडे, घेऊन यायचे. माय त्यांचीच गोधडी शिवायची. पण आधी अंगणात डांगरी झटकायची आणि तो मान थोरल्या लेकीचा. "माही आक्काच झटकन बराबर," बाबा म्हणायचे. खिशातल्या लिमलेटच्या गोळ्याही तिच्याच. धुळीचा लोट उठायचा, आक्का त्यात खोकत खोकत हसायची आणि मी उंबऱ्यावर बसून जळायचे. मला एकदा तरी झटकू द्या म्हणून पाय आपटले, तर बाबा म्हणाले, "तू ल्हान हायेस. तुला न्हाई जमायचं."

पुण्यात मला सगळं मिळालं. नोकरी, फ्लॅट, नवरा, इंग्रजी शाळेत जाणारी लेक. हेवा मात्र सामानाबरोबर आला तो तसाच राहिला. बाबांच्या शेवटच्या दिवसांत त्यांना पाणी पाजलं आक्कानं, घर राखलं आक्कानं, गोधडीही तिचीच. लेक झाली तेव्हा मी फोन केला, अर्धी तरी कापून दे. "कापली तर सारी उसवन," म्हणाली. मी महिनाभर बोलले नाही. गाव सोडलेल्यांना असलं भांडण वेडेपणाचं वाटणार नाही. प्रत्येकाची एखादी गोधडी मागं राहिलेली असते.

गेल्या वर्षी आक्काला धाप लागू लागली. मी तिला माझ्याच दवाखान्यात आणलं. छातीतलं पाणी काढलं, तुकडा तपासायला गेला, फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणी अ‍ॅस्बेस्टॉसचं काम केलंय का? मी बाबांच्या ब्रेकच्या धुळीचं सांगितलं. जुन्या ब्रेकच्या पट्ट्यांत तेच असायचं, डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "त्यांचे कपडे कोण झटकायचं?"

आक्कानं शाळेत करतात तसा हात वर केला. "मीच. दुसऱ्या कुणाला झटकू देतच नव्हते बाबा." अजूनही तो मान असल्यासारखी बोलली.

बाबांच्या खोकल्याला गाव बिडीचा खोकला म्हणायचं. बाबांनी बिडी कधी ओढली नव्हती. फौजेत त्यांना कुणी काही सांगितलं नाही, आम्हाला तर नाहीच. माझ्या छातीचा फोटो काढला, तो स्वच्छ निघाला. आता तरी आक्कानं माझा हेवा करायचा होता. तिनं एवढंच विचारलं, "तुह्या पोरीला काही न्हाई ना? बरं झालं, म्या गोधडी दिली न्हाई."

परवा साखऱ्याला गेले. झटकू नका, ओली करून बांधा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तोंडाला मास्क, हातात मोजे घालून मी गोधडी भिजवली, दोन जाड पिशव्यांत घातली आणि चिकटपट्टी लावली. आक्का ओसरीवर उशीला टेकून बघत होती.

"ने आता," ती म्हणाली. "आता न्हाई म्हणत न्हाई मी."

आम्ही दोघी हसलो. हसता हसता तिला खोकला आला आणि स्वयंपाकघरातून माय दचकून बाहेर आली. तिला बाबांचाच भास झाला होता. हुबेहूब तसा खोकला, आधी दोनदा बारीक, मग एक लांब. पुण्यात कुणी विचारलं की मी साखऱ्याला घर म्हणते, पण त्या घरात बाबा आता त्या खोकल्यापुरतेच उरलेत. लिहायला लाज वाटते, तरी लिहिते. बाबांचा खोकलासुद्धा आक्कालाच मिळाला, आणि माझ्या स्वच्छ छातीत जळजळ झाली.