अँटेनाआडचं पोट

तमाम हवाई प्रवाशांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, दिल्लीबाहेरच्या आमच्या छोट्या धावपट्टीवर आकाशाच्या सुरक्षिततेला एकच मोठा धोका होता: माझ्या मित्राचं पोट.

तो नागपूरचा, शिकाऊ वैमानिकांचा गुरू. विमानात उजव्या सीटवर बसायचा. मी तिथला रेडिओ-मेकॅनिक. दुसरं विमान जवळ आलं की ओरडणारी एक डबी आम्ही त्या दोन सीटच्या विमानात बसवली. तिचा बोटभर अँटेना समोरच्या काचेपाशी मधोमध उभा केला. जागा बरोबर आहे का ते बघायला मी तशीच दुसरी डबी हातात धरून, लग्नातल्या फेऱ्यांच्या थाटात विमानाभोवती चालायचो. आतून डबीच्या पडद्याकडे बघत तो ओरडायचा, "दिसतोस... दिसतोस..." उजव्या पंखामागे पोचलो की, "गेलास बे!" माणसाचं अंग रेडिओचे संदेश गिळतं, आणि गिळण्यात हा कधीच मागे नव्हता.

"पोट आत घे, लेका!" मी ओरडायचो. तो गाल फुगवून श्वास रोखायचा. फरक शून्य. शेवटी करोल बागेतून मोबाइल काचेला चिकटवायची रबरी चकती आणली आणि अँटेना पार डावीकडे सरकवला. तरी मागचा उजवा कोपरा थोडा आंधळा राहिलाच, आणि आता डावीकडे शिकाऊच्या अंगाआडचाही. तो म्हणाला, "तेवढं मी बघतो. मान हाय ना मले." आणि खरंच, प्रत्येक उड्डाणात तो सारखा मागे वळून बघायचा.

गेल्या हिवाळ्यात घरी चहा पिता पिता त्याचं हृदय थांबलं.

त्याच्या जागी चंडीगढची एक सडपातळ शिक्षिका आली. दोन आठवडे ती सांगत होती, "सर, अँटेना बीच में कर दीजिए. स्टूडेंट की तरफ़ का कुछ नहीं दिखता." बरोबर होतं तिचं. ती जागा एकाच माणसाच्या मापाची होती. मी रोज नवं निमित्त काढत होतो. मग एका सकाळी डाव्या बाजूने आलेलं विमान डबीला दिसलंच नाही. तिला दिसलं म्हणून निभावलं. त्याच दुपारी मी चकती ओढून काढली. काचेवर गोल डाग राहिला, तो पुसला नाही.

अँटेना मधोमध लावला, तिला उजव्या सीटवर बसवलं, दुसरी डबी घेतली, चालू लागलो.

"दिख रहे हैं, सर."

उजव्या पंखामागे पावलं आपोआप मंदावली.

"दिख रहे हैं."

एक पाऊल मागे गेलो, परत पुढे आलो.

"सर, बिल्कुल दिख रहे हैं!"

आणि मी, अख्ख्या धावपट्टीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडलो, "पोट आत घे, लेका!"