व्हेल्डाची रिकामी भांडी

नवऱ्याला, ऑर्व्हिलला, पुरून आठवडा उलटला, तरी व्हेल्डा हॅस्किन्सच्या फ्रीजमधला ट्यूना मासा काही संपेना. अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या त्या टीचभर गावात कुणी मेलं की घराघरातून काचेची भांडी येतात. आत मासा, शेवया, डब्यातलं सूप, वर बटाट्याच्या वेफर्सचा चुरा, आणि भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. व्हेल्डाला त्या वासानेच मळमळायचं.

तसा तिला अख्ख्या गावाचाच वीट आला होता. सदानकदा वारा, दातांत धूळ, आणि टपालघरात पाऊल टाकावं तर तुमच्या आतड्यांच्या तपासणीत काय निघालं ते तुमच्याआधी चारजणींना ठाऊक. शहरातली माणसं येऊन "काय शांतता! काय माया!" करत फोटो काढू लागली की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई. माया म्हणे! शनिवारी मुलगी जॅनेल तिला कायमची डेन्व्हरला न्यायला येणार होती. तेवढी भांडी ज्याची त्याला पोचली की व्हेल्डा सुटली.

पण भांडं रिकामं परत करायचं नाही, ही तिथली रीत. भरून न्यावं तर कॉफी आली, कॉफीमागून चौकशा आल्या. व्हेल्डाने सगळी भांडी घासली आणि पहाटे गुपचूप एकेकीच्या दारात रिकामीच ठेवून आली.

दुपारपर्यंत गावभर झालं, की दुःखाने बिचारीचं डोकं फिरलं. संध्याकाळी तीच भांडी पुन्हा भरून हजर! व्हेल्डाला रडू यायचंच बाकी होतं.

सगळ्यात शेवटी शेजारची आर्डिथ आपलं भांडं घेऊन, दार न वाजवता, थेट स्वयंपाकघरात शिरली.

"रिकामं भांडं ठेवतेस होय गं माझ्या दारात? लाज कोळून प्यायलीस का?"

"तुझ्या सूपापेक्षा बरी लागली."

"ऑर्व्हिल दोनदा मागून घ्यायचा माझ्या हातचं."

"म्हणूनच मेला असेल."

आर्डिथने न विचारता दोन ताटल्या काढल्या, वाढलं. दोघी खाऊ लागल्या. मासा नेहमीसारखाच भिकार होता.

"जा बाई खुशाल," आर्डिथ म्हणाली. "तिथं कुणी असं घरात घुसणार नाही. पण एक सांगू? तुझा नवरा घोरायचा ना, ते माझ्या खिडकीपर्यंत यायचं. चाळीस वर्षं शिव्या घातल्या मी त्याला. आता मला झोप लागत नाही मेली."

व्हेल्डाने आणखी एक डाव मासा वाढून घेतला. झोप तिलाही लागत नव्हती, पण हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

शनिवारी जॅनेल आली तेव्हा आई गावाच्या नावाने बोटं मोडत, भांडी भरून परत करायला शेवया उकडत होती.

"आई, हे काय? सामान कुठंय?"

"मी येत नाही."

"अगं, तूच म्हणालीस ना, किळस येते या गावाची?"

"येतेच!" व्हेल्डा डाव आपटत ओरडली. "पण तुझ्या डेन्व्हरात तुझ्या बापाचं घोरणं ऐकलंय कुणी?"