भिंतीकडे तोंड करून

कडकताई,

तू गेल्यापासून लॉन्ड्रीत नव्या पोरी आल्यात आणि जी ती मला विचारते, "मत देताना आपण भिंतीकडे तोंड का करतो हो?" किती वेळा तोंडी सांगायचं? एकदाचं लिहूनच काढते. वाचणार त्या आहेत, म्हणून तुला 'ती' म्हणतेय. तुझ्या या थोरल्या जावेवर रुसू नकोस.

तर कडकताई इस्त्रीवाली. तिच्या हाताखालून गेलेली चादर भिंतीशी उभी केली तर उभी राहील, असं लोक म्हणत. स्वभावाबद्दलही तेच म्हणत. मालकानं लॉन्ड्रीचा धंदा गुंडाळला तेव्हा बाकीच्या बायका डोळे पुसत बसल्या होत्या. ही म्हणाली, "धुणारे हात आपले, इस्त्री करणारे आपले. मालकाचं काय होतं? खुर्ची!" सगळ्यांनी सारखा वाटा घालून जुनी यंत्रं घेतली आणि ठरवलं, काम करील ती सभासद, सभासद ती मालकीण. अध्यक्ष असो की फरशी पुसणारी, मत एकच. कडकताई अध्यक्ष झाली, पण इस्त्री काही सोडली नाही.

मग एक मोठं हॉटेल आलं. सगळ्या चादरी, टॉवेल तुम्हालाच देतो म्हणालं. अट एवढीच, की कोणी कधी कामावर यायचं ते हॉटेलचा माणूस ठरवणार. इकडे बॉयलर म्हातारा झालेला, कधी दगा देईल नेम नाही. कडकताईचा जीव नव्या बॉयलरमध्ये अडकला होता, त्यामुळे हे काम तिला हवंच होतं. घड्या घालायच्या लांब टेबलाभोवती सभा भरली; मीही कोपऱ्यात बघत बसले होते. तिनं प्रस्ताव मांडून हात वर केला. धडाधड हात वर गेले.

एकच मध्ये अडकला. तान्ह्या मुलाची आई हात खांद्याशी धरून कडकताईच्या हाताकडे बघत होती.

"काय गं, प्रस्तावाला हात वर करतेयस की मला?"

तिनं दुसऱ्या हातानं पदर सावरला.

"बोल की! खाते का मी?"

"कधीकधी," मागून कोणीतरी पुटपुटलं आणि हशा पिकला.

"तुम्हाला, ताई," ती आई म्हणाली. "आधी मालकाला करायचो, आता तुम्हाला."

कडकताईचा चेहरा असा झाला, जसा गरम इस्त्रीवर चुकून हात पडावा. मग ताडकन उठली. "हात खाली! उठा सगळ्या, भिंतीकडे तोंड करा. मीही करते. हात मोजेल ही माझी जाऊ. ती सभासद नाही, तिला नुसता उपदेश करता येतो."

ओळीनं पाठी दिसल्या. वर हात दोनच. एक तिचा. दुसरा खळ लावणाऱ्या आजीचा. त्यांना ऐकू कमी येतं, त्यांना वाटलं चहा कोणाला हवाय ते विचारतायत.

ती रागावली, खोटं कशाला सांगू? दिवसभर माझ्याशी बोलली नाही, जसं काही मोजणारीनंच तिला पाडलं! पण नकार कळवायला हॉटेलात स्वतः गेली, आणि मलाही ओढत नेलं.

मॅनेजर म्हणाला, "अहो, अध्यक्ष तुम्ही. तुमचं स्वतःचं मत काय?"

"माझं मत हरलं. हा सगळ्यांचा निरोप आहे."

"म्हणजे तुमच्याच लॉन्ड्रीत तुमचं चालत नाही?"

"नाही चालत," ती मान ताठ करून म्हणाली. "आता तिथं कुणाचंच एकटीचं चालत नाही."

आणि हॉटेलच्या पायऱ्या अशी उतरली, जणू निवडणूक जिंकून आलीय.

बॉयलर पुढे सगळ्यांनी थोडं थोडं बाजूला टाकून घेतला. उशीर झाला, कुरकुर झाली, थंड पाण्यात बोटं आखडली. पण कामाच्या वेळा ज्यांच्या त्यांनीच ठरवल्या. तान्ह्याची आई आज अध्यक्ष आहे, आणि तीही भिंतीकडे तोंड करते.

भिंतीची ही रीत ऐकून बेकरीवाल्यांच्या संस्थेनं, कडकताई, तुला बोलावणं धाडलं होतं. त्यांच्याकडे भट्टीवाल्याचा हात वर गेला की सगळ्यांचे जातात, जरा येऊन शिकवा म्हणाले. तू म्हणालीस, "जाऊ या दोघी. समजावायचं तू, ओरडायचं मी." आधी तुझा बॉयलर बसवायचा होता, मग माझ्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं, मग तुझं दुखणं. बेकरी दोन गल्ल्या सोडून तर आहे गं! भट्टीवाल्याच्या हाताकडे बघून ते अजून हात वर करतात. आपलं जाणं राहिलं ते राहिलंच.