गुरुवारची चूक

मास्तर कधी कुठल्या शाळेत शिकवायला गेले नव्हते. त्यांचा धंदा शेअर बाजारात सौदे करण्याचा. एका दलालाच्या कचेरीतल्या डीलिंग रूममध्ये त्यांनी अठरा वर्षं काढली. तिथे ऑर्डर सांगताना ते शुद्धलेखन घालावं तसा एकेक शब्द सुटा करून उच्चारत, म्हणून हे नाव पडलं.

त्या खोलीचा एक रिवाज होता. ऑर्डर मोठ्याने म्हणायची, शेजारच्याने ती जशीच्या तशी परत म्हणायची, आणि मगच बोट संगणकाच्या कळीवर न्यायचं. एखादं शून्य जास्त पडलं तर ते तिथल्या तिथे पकडलं जाई. मास्तरांच्या शेजारी जो बसे त्याला, अर्थातच, सगळे पोपट म्हणत. या पोपटाची एक खोड होती. सौदा मनाला पटला नाही की तो परत म्हणत नसे; मानही न वळवता विचारी, "काय म्हणालात?" ऐकू सगळं आलेलं असे. पण दुसऱ्यांदा म्हणताना मास्तरांना स्वतःचं बोलणं नीट ऐकू येई, आणि पुष्कळदा ते ती ऑर्डर ओठावरून पोटात घालत.

पुढे कचेरीने सगळं काम यंत्रांवर सोपवलं आणि खोली बंद झाली. पोपटाने किल्ल्या करून देण्याचं दुकान टाकलं. मास्तरांनी घराच्या मागच्या खोलीत संगणकाचे तीन पडदे मांडले आणि स्वतःच्या हिमतीवर सौदे सुरू केले. लग्न करायचं राहून गेलं होतं, ते राहूनच गेलेलं. घरात टोकणारं कुणी नव्हतं, आणि परत म्हणणारंही कुणी नव्हतं. बाजार उघडल्यापासून मिटेपर्यंत त्या खोलीत शब्द म्हणून उमटत नसे. कधी कधी दुपारी दूधवाल्याचा फोन येई तेव्हा आपला आवाज बसला आहे हे त्यांच्या ध्यानात येई. त्यांना खाकरावं लागे.

आणि मग त्यांचं कुंपण हलू लागलं. कुंपण म्हणजे सौद्यात शिरतानाच आखलेली रेघ: भाव इथवर घसरला तर निमूट बाहेर पडायचं. डीलिंग रूममध्ये कुंपण सरकवणाऱ्याकडे लोक जेवताना दुसऱ्याच्या ताटात हात घालणाऱ्याकडे पाहावं तसे पाहत. आता पाहायला कुणी नव्हतं. भाव रेघेजवळ आला की मास्तर ती बोटभर खाली नेत, मग आणखी बोटभर. हे पाप आहे हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. कळत होतं, वळत नव्हतं.

शेवटी त्यांनी एक प्रशिक्षक बाई गाठल्या. बाई पूर्वी तिरंदाजांची मनं तयार करत. आता सौदे करणाऱ्यांची करत. ताईला, म्हणजे मास्तरांच्या थोरल्या बहिणीला, हे फोनवर कळलं तेव्हा ती बराच वेळ हसली. डोकं ठिकाणावर असलेल्या माणसाला डोक्याचा मास्तर कशाला, असं तिचं म्हणणं. "आणि एवढं बोलायचंच आहे तर माझ्याशी बोल की," ती म्हणाली. "मी फुकट ओरडते."

बाईंची खोली एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. दर गुरुवारी चार वाजता, बाजार मिटल्यावर, मास्तर इस्त्रीचा सदरा घालून तिथे जात. दोन खुर्च्या, एक टेबल, टेबलावर पाण्याचा तांब्या. बाई फारसं बोलत नसत. पहिल्याच दिवशी त्यांनी एक काम लावून दिलं: सौदा करण्याआधी आणि कुंपणाला हात लावण्याआधी, काय करतो आहोत आणि का, ते फोनमध्ये बोलून रेकॉर्ड करून ठेवायचं; गुरुवारी बाई ते ऐकणार. मास्तरांना हसू आलं. अठरा वर्षं हेच तर केलं होतं. पण पहिल्या दिवशी रिकाम्या खोलीत बोलताना त्यांचा आवाज असा चिरकला की त्यांनी उठून दार लावून घेतलं.

चार आठवड्यांत बाईंनी गाठ सोडवली. मोडलेलं जवळजवळ प्रत्येक कुंपण दुपारी बारा ते दोनच्या मधलं होतं. त्या वेळी पूर्वी काय करत असत, असं बाईंनी विचारलं. मास्तर म्हणाले, काही नाही, डबे उघडत असू. मग ते पुष्कळ वेळ त्या डब्यांबद्दलच बोलत राहिले: कोण कुणाचं लोणचं पळवी, पोपट भाजी कशी आधी हुंगून पाही. बाईंनी मध्ये एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. "तुम्हाला हाव नाही सुटत," त्या शेवटी म्हणाल्या. "त्या वेळी तुम्हाला काहीतरी घडायला हवं असतं."

त्यानंतर बारा वाजले की मास्तर पडदे बंद करून जेवायला बसू लागले, आणि दोन वाजल्यावरच परत येत. कुंपण जागच्या जागी राहू लागलं. आठव्या गुरुवारी बाई म्हणाल्या की असेच आणखी दोन आठवडे गेले तर आपलं काम संपलं. शाबासकीच होती ती. मास्तरांनी मान डोलावली, जिना उतरले, आणि खाली दवाखान्यातल्या बाकावर, कुठल्याही डॉक्टरकडे नंबर नसताना, बराच वेळ बसून राहिले.

पहिला आठवडा निर्मळ गेला. दुसऱ्या आठवड्यातला बुधवार उजाडला. दुपारी एक वाजता, जेवण अर्धं टाकून, ते उठले आणि त्यांनी पडदे पुन्हा सुरू केले. एका सौद्यात भाव रेघेकडे उतरत होता. त्यांनी फोन तोंडाजवळ धरला, कारण सांगितलं आणि कुंपण खाली सरकवलं. मग आणखी खाली. तोटा व्हायचा तेवढा झाला. मास्तर जेवण पुरं करायला परत गेले, आणि त्यांना बरं वाटत होतं.

गुरुवारी बाईंनी ते बोलणं ऐकलं. पुन्हा लावलं. मग फोन टेबलावर पालथा ठेवला.

"आधी कुंपण मोडताना तुमची वाक्यं अर्धी तुटत," त्या म्हणाल्या. "धाप लागल्यासारखी. कालचं प्रत्येक वाक्य पुरं आहे. सावकाश, सुटं सुटं. तुम्ही हे मला लिहून घ्यायला सांगत होतात."

मास्तरांनी तांब्यातलं पाणी ओतून घेतलं, प्यायले नाहीत.

"नाहीतर आज सांगायला काही उरलं नसतं," ते म्हणाले.

खालून कुणाच्या तरी नावाचा पुकारा ऐकू आला. मग बाई, न रागावता, म्हणाल्या, "कालपर्यंत माझा तुम्हाला उपयोग होता. आता माझ्यापायी तुमचं नुकसान व्हायला लागलं. आजचा गुरुवार शेवटचा." त्यांनी आणखी एवढंच विचारलं, की शेजारी बसायचे ते गृहस्थ आहेत का अजून. मास्तर म्हणाले, आहेत. पण त्याला दुकानाचा व्याप. फोन करून सहा वर्षं झाली होती हे त्यांनी सांगितलं नाही. बाईंना ते कळलं असावं.

संध्याकाळी ताईचा फोन आला. प्रशिक्षण बंद झालं म्हणताच तिचा सूर चढला: सांगत नव्हते मी, पाण्यात गेलं की नाही सगळं? फायदा काय झाला?

"फायदा झाला," मास्तर म्हणाले. "म्हणून तर बंद झालं."

ताईला ते समजलं नाही. तिने जेवलास का विचारलं आणि फोन ठेवला.

शुक्रवारी दुपारी साडेबाराला मास्तर पुन्हा पडद्यांसमोर होते. एका शेअरचा भाव उगाच उड्या मारत होता. त्यात शिरायला त्यांच्याजवळ एकही कारण नव्हतं. बोट कळीवर गेलं, तिथे थांबलं, आणि दुसऱ्या हाताने त्यांनी फोन उचलला.

पलीकडे किल्ल्या घासायच्या यंत्राची घरघर होती. ती थांबली. "मास्तर?" पोपट म्हणाला. कसे आहात, कुठे होतात, काही नाही. मास्तरांनी घसा साफ केला आणि ऑर्डर म्हटली. शेअरचं नाव, नग, भाव. एकेक शब्द सुटा.

दुकानात आता अगदी शांत होतं. तेवढ्या शांततेत कानात सांगितलेलंही ऐकू गेलं असतं.

"काय म्हणालात?" पोपट म्हणाला.

मास्तरांनी पुन्हा म्हणायला तोंड उघडलं. नाव म्हणून झालं, आणि नग म्हणता म्हणता ते थांबले. बोट कळीवरून उचललं.

"काही नाही," ते म्हणाले.

"बरं," पोपट म्हणाला. जेवताय ना वेळेवर, असं काहीतरी तो विचारू लागला होता. तेवढ्यात दुकानात कुणीतरी आलं. दोन पितळी, एक लोखंडी, असं त्याने गिऱ्हाइकाचं मागणं मोठ्याने परत म्हटलेलं मास्तरांना ऐकू आलं. मग घरघर सुरू झाली. फोन ठेवायचा पोपट विसरला होता.

मास्तरांनीही तो ठेवला नाही. टेबलावर, पडद्याशेजारी, उताणा राहू दिला, आणि स्वयंपाकघरातून ताट तिथेच आणून ते जेवायला बसले.