दत्तू मिस्त्री आणि पुढचं चाक

दत्तू मिस्त्री झोपेत गेले, असं त्यांच्या मुलीनं फोनवर सांगितलं तेव्हा मला ते खरंच वाटेना. तासगावातल्या निम्म्या गिऱ्हाइकांना ज्यानं मारलं आणि उरलेल्यांकडून मार खाल्ला, तो माणूस असा आवाज न करता जाईल, हे पटण्यासारखं नव्हतं...

इतिहासाचा मास्तर म्हणून मी लढाया शिकवल्या. पाहिल्या मात्र त्यांच्या गॅरेजात. पहिल्याच भेटीत मी "झालं का?" असं दोनदा विचारलं, तर त्यांनी पाना फेकला. तो माझ्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आदळला. "तिसऱ्यांदा इचारा मास्तर," ते म्हणाले, "नेम बसत आलाय." आमची मैत्री तिथून सुरू झाली.

त्यांनी घाई केली ती एकदाच. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाची मोटारसायकल फेरी निघायची होती. जन्माला येण्यात माणसाचं कर्तृत्व काय, हे मला अजून कळलेलं नाही, पण झेंडे भरपूर होते. विजय नावाच्या तरण्या बागायतदाराच्या गाडीचं पुढचं चाक ब्रेकच्या कामासाठी उतरवलेलं, आणि दारात दहा जण हॉर्न दाबून उभे. "आवं मिस्त्री, साहेब निघालं की!" मिस्त्रींनी चाक चढवलं, एक्सल ठोकला, नट आवळला. ब्रेकच्या प्लेटला एक खाच असते. चाक धरणाऱ्या शॉकॉबच्या पायावरचा उंचवटा तिच्यात बसावा लागतो. नाही बसला तर ब्रेक दाबल्यावर प्लेट चाकाबरोबर फिरते, चाक जागीच जाम होतं आणि माणूस तेवढा पुढे जातो. गर्दीत विजयचं मागच्या ब्रेकवर भागलं. सांगली रस्त्याला गाड्या सुटल्या, साहेबांची जीप अचानक थांबली, आणि त्यानं पुढचा ब्रेक दाबला. जीपच्या मागच्या फळीवर त्याचा जबडा फुटला.

तासाभरात फेरी गॅरेजवर आली. घोषणा त्याच होत्या, फक्त 'विजय असो'च्या जागी शिव्या. झेंड्याच्या काठ्यांनी त्यांनी मिस्त्रींना रस्त्यावर ओढून मारलं. उजव्या हातावर दगड घातला. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी मध्ये पडलो, तर माझा चष्मा गेला. लोक पांगल्यावर मी म्हणालो, "रस्त्यात खड्डा होता म्हणून सांगा. पोलिसांत तक्रार द्या." मिस्त्री टेम्पोतून आणलेल्या त्या गाडीकडे सरपटत गेले. तोंडातलं रक्त थुंकून खाचेशी वाकले. "बसली न्हाई मास्तर. माझीच चूक हाय." तक्रार त्यांनी दिली नाही. मारणाऱ्यांना माफ केलं असंही नाही. त्यातल्या दोघांना पुढे त्यांनी डाव्या हातानं धुतलं.

विजयची गाडी मात्र त्यांनी मोडक्या बोटांनी नीट करून ठेवली. ती न्यायला तो यावा, एवढीच त्यांची इच्छा होती. निरोप धाडले, उत्तर नाही. दीड वर्षानं तो आला, जबडा वाकडा. आला तसा त्यानं मिस्त्रींच्या थोबाडीत ठेवून दिली. मी उठलो. मिस्त्रींनी मला खाली ढकललं आणि त्याला म्हणाले, "झालं? आता खाली बस. बोट घाल हितं. बसलंय का सांग." विजय उकिडवा बसला, खाचेत बोट फिरवलं. "बसलंय," म्हणाला, आणि गाडी घेऊन गेला. पुढे कामाला तिथंच यायचा. दोघं फारसं बोलत नसत.

दहाव्याला नदीवर गाड्यांची रांग लागली होती. ज्यांच्या वाढदिवसाला ती फेरी निघाली, ते साहेब आपल्या भाषणात मिस्त्रींना 'श्रमयोगी' म्हणाले; मिस्त्रींनी नक्की पाना शोधला असता. मी मागे सरकलो. विजय, ज्यांना ती खाचच नसते अशा डिस्कब्रेकच्या गाड्या सोडून, एकेका जुन्या गाडीपुढं उकिडवा बसत होता आणि पुढच्या चाकाशी बोट घालत होता. एका कार्यकर्त्यानं त्याची कॉलर धरली, "माझ्या गाडीशी काय करतोस रं?" विजयनं त्याला चिखलात आडवा केला आणि परत चाकाशी बसला.

"गप पड जरा," तो म्हणाला. "बघू दे."