सचोटी असलेला संपादक पाहिजे

आमच्या संपादकांनी सलग सहा वर्षं राजीनामा दिला. ट्रस्टच्या वार्षिक सभेत ते उभे राहत, "आता तरुणांनी पुढं यावं," म्हणत आणि टाळ्या संपायच्या आत खाली बसत. ते गेले तर त्यांचं काम दुसऱ्या कुणाला तरी करावं लागलं असतं, म्हणून सगळे त्यांना प्रेमानं थांबवून घेत. सातव्या वर्षी डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकल्याचं सांगितलं आणि राजीनामा खरा झाला.

हे जर्नल नैतिक शिक्षणाचं. मुलांना खरं बोलायला, न्यायानं वागायला शाळेत कसं शिकवावं, यावरचे संशोधनलेख त्यात इंग्रजीतून छापले जातात. वर्षाला दोन अंक. कचेरी जयनगरात, एका साडीच्या दुकानाच्या वर. मी तिथं सहसंपादक. नवऱ्याच्या सरकारी संशोधन संस्थेतल्या नोकरीमुळं साताऱ्याहून बंगळुरात आले आणि मुलं मोठी झाल्यावर हे काम धरलं. आलेले लेख वाचायचे, इंग्रजी सुधारायचं, मुद्रितं तपासायची. नीतीवर इतकी वर्षं इतकं वाचूनही माझ्यावर फारसा परिणाम झाला नाही, यावरून हा विषय शिकवायला किती अवघड असेल ते ध्यानात यावं.

नवा संपादक निवडायला तिघांची समिती नेमली गेली: ट्रस्टचे अध्यक्ष, मावळते संपादक आणि मी. अध्यक्ष मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर त्यांना नीतीची ओढ लागली; नोकरीत असताना तेवढा वेळ मिळाला नव्हता. जाहिरातीचा मसुदा त्यांनीच केला. 'उमेदवाराची सचोटी निर्विवाद असावी' हे वाक्य त्यांनी ठळक अक्षरांत टाकायला लावलं.

"सचोटी तपासायची कशी?" संपादकांनी विचारलं.

"प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत मागवू," अध्यक्ष म्हणाले. ते विनोद करत नव्हते.

सतरा अर्ज आले. त्यांतल्या दोघांनी स्वतंत्र विचारांच्या महत्त्वावर पानभर लिहिलं होतं, आणि ते पान शब्द न् शब्द एकच होतं. 'हे माझ्या अंतःकरणातून आलं आहे,' असं दोघांनीही शेवटी म्हटलं होतं. दोघांचं अंतःकरण एकाच वेबसाइटवर असावं. आणखी एकानं आपल्या नम्रतेबद्दल मिळालेल्या सात पुरस्कारांची यादी जोडली होती.

मुलाखतीला तिघांना बोलावलं. एक जण ट्रॅफिकमध्ये अडकल्याचा फोन आला. तो बहुधा अजून तिथंच आहे. दुसरा वेळेआधी आला, लॅपटॉप घेऊन. मूल्यं, दृष्टी, नेतृत्व अशा एकेका शब्दाला एकेक रंगीत चौकोन होता. जर्नल 'पुढच्या पातळीवर' कसं न्यायचं हे त्यानं पाऊण तास सांगितलं. आमचा एकही अंक त्यानं वाचला नव्हता, त्यामुळं त्याच्या उत्साहाला कुठंच अडथळा नव्हता.

तिसऱ्या उमेदवार एक बाई होत्या, शहराबाहेरच्या आनेकलहून आलेल्या. तिथल्या एका अध्यापक विद्यालयात त्या शिकवत. चाळिशीच्या असतील. मूळ गाव बेळगावकडं, त्यामुळं घरात मराठी, बाहेर कानडी. जिना चढून आल्यावर खुर्चीत बसत मला हळूच म्हणाल्या, "स्वल्प पाणी मिळेल काय, अक्का?"

अध्यक्षांनी त्यांना आपला आवडता प्रश्न विचारला. "समजा तुम्ही संपादक झालात आणि आपल्या जर्नलमध्ये एखादी चूक सापडली. काय कराल?"

"शुद्धिपत्र छापीन."

"छान. आणि चूक मोठी असली तर?"

"मोठं शुद्धिपत्र छापीन." त्यांनी पिशवीतून आमचा तीन वर्षांपूर्वीचा अंक काढला. आत खुणेच्या चिठ्ठ्या होत्या. "या लेखातली दोन पानं एका जुन्या परदेशी लेखातून जशीच्या तशी उचललीत. दोन्ही सोबत आणलेत. वाटलं, अर्जाबरोबर पाठवण्यापेक्षा समक्ष सांगावं."

लेख वर्गातल्या प्रामाणिकपणावर होता. लेखकाचं नाव त्यांनी उच्चारलं नाही. त्याची गरजही नव्हती. लेखक समोर बसले होते आणि एकाएकी त्यांना खिडकीतून दिसणाऱ्या वाहतुकीत रस वाटू लागला होता.

बाई पुढं म्हणाल्या, "एक गंमत सांगते. मूळ लेखात मुलं वर्गाबाहेर ओव्हरकोट काढून ठेवतात. इथं त्यांचे रेनकोट झालेत. म्हणजे कुणीतरी हे नीट वाचून, आपल्या हवेला जुळवून घेतलंय."

माझ्या हातातलं पेन खाली पडलं. ते कुणीतरी म्हणजे मी.

तीन वर्षांपूर्वी अध्यक्षांचा तो लेख तपासताना मधली दोन पानं मला अचानक फार चांगली वाटली. तेवढ्यात कर्नाटकातल्या शाळेत ओव्हरकोट आले. मी एक वाक्य इंटरनेटवर शोधलं आणि मूळ लेख समोर आला. तशीच उठून संपादकांकडं गेले. त्यांनी दोन्ही वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "स्वल्प अ‍ॅडजस्ट करूया." या शहरात या दोन शब्दांवर बस, घर, संसार सगळं चालतं, एका लेखाचं ते काय! मी जागेवर आले आणि ओव्हरकोटचे रेनकोट केले. भाषा सुधारणं हे माझं कामच होतं.

आता मुलाखतीत मी पेन उचलायला खाली वाकले आणि जरा जास्तच वेळ वाकून राहिले.

बाई गेल्यावर अध्यक्ष म्हणाले, "हुशार आहेत. पण मिळून मिसळून काम करण्याची वृत्ती दिसत नाही."

"दृष्टी थोडी अरुंद वाटली," संपादक म्हणाले. त्यांना तेव्हा हाताची बोटंही धड दिसत नव्हती.

दोघांनी माझ्याकडं पाहिलं. मी इतिवृत्तात लिहिलं, 'चौकोनवाल्या' उमेदवाराची सर्वानुमते निवड. अर्थात चौकोनांचा उल्लेख केला नाही. सही करताना अक्षर नेहमीसारखंच आलं, याचंच मला घरी गेल्यावर वाईट वाटलं.

नवे संपादक तडफदार निघाले. पहिल्या आठवड्यात त्यांनी व्हिजिटिंग कार्डं छापली, दुसऱ्या आठवड्यात वेबसाइटवर स्वतःचा फोटो लावला आणि जुने अंक 'ताजेपणासाठी' तिथून काढून टाकले. अध्यक्षांना ही कल्पना विलक्षण आवडली. आलेल्या लेखांचा गठ्ठा मी त्यांच्यापुढं ठेवला तर म्हणाले, "मॅडम, वाचायचं तुम्ही बघा. मी स्ट्रॅटेजी बघतो." चार महिन्यांनी त्यांचा ईमेल आला. येलहंक्याच्या पलीकडं एका खाजगी विद्यापीठात त्यांना मोठं पद मिळालं होतं, आणि आमच्याकडच्या अनुभवाचा त्यासाठी मोलाचा उपयोग झाला होता. अंक महिन्याभरावर आला होता आणि आमच्याकडं एकही लेख पक्का नव्हता.

मी जुन्या संपादकांना फोन केला. त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. त्यांनी आधी अंकाची तारीख विचारली. मग म्हणाले, "त्या आनेकलच्या बाईंना विचारून बघ. फोन नको. जाऊन ये."

बसनं आनेकलला गेले. वाटेत मी तीन प्रकारची माफी जुळवली. इंग्रजीतली सगळ्यात चांगली वाटली, कारण तिच्यात कर्ताच नव्हता. बाई कॉलेजच्या आवारात, झाडाखालच्या बाकावर भावी शिक्षकांच्या पाठाच्या वह्या तपासत होत्या. मला पाहून त्यांनी वह्या सरकवून जागा केली.

"बसा की, अक्का. एवढ्या लांब कशा आलात?"

जुळवलेलं सगळं विसरले. "ते रेनकोट मी केले होते," एवढंच तोंडातून निघालं.

"ठाऊक आहे मला."

"कसं?"

"त्या खोलीत पेन एकट्या तुमच्याच हातातून पडलं."

मी सगळं सांगितलं. शोधलं कसं, संपादक काय म्हणाले, मी काय केलं. त्या ऐकता ऐकता हातातली वही तपासत राहिल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मला निदान वाईट वाटून घेता आलं असतं.

"मग आता काय पाहिजे?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही संपादक व्हावं."

"सरी, बरं. येते. पण पहिल्या अंकात शुद्धिपत्र जाणार. आणि ते मी लिहिणार नाही. तुम्ही लिहायचं."

घरी येऊन मी आधी मराठीतच लिहायला बसले; इंग्रजी नंतर करायचं होतं. दुसऱ्यांची पानंच्या पानं सुधारणाऱ्या मला सहा ओळींना तीन दिवस लागले. प्रत्येक खर्ड्यात चूक आपोआप घडत होती; करणारा कुणीच सापडत नव्हता. शेवटी लिहिलं: 'हा मजकूर दुसऱ्याचा आहे हे मला छपाईआधी माहीत होतं. मी तो थांबवला नाही, उलट ओळखू येऊ नये असा बदल केला.' खाली पूर्ण नाव घातलं. नवऱ्यानं वाचून विचारलं, "तुला काढून टाकतील हे माहीत आहे ना?" म्हटलं, "माहीत आहे." तो म्हणाला, "मग 'उलट'च्या आधीचा स्वल्पविराम काढ, तिथं अर्धविराम पाहिजे." तीस वर्षांच्या संसारात तो इतका गोड क्वचितच बोललाय.

जुन्या संपादकांच्या घरी गेले तेव्हा त्यांच्या डोळ्यावर पट्टी होती. मी सहा ओळी मोठ्यानं वाचल्या. ते आरामखुर्चीत हात जोडल्यासारखे धरून बसले होते. वाचून झालं तरी हलले नाहीत. मला वाटलं, झोप लागली.

"परत वाच," ते म्हणाले.

मी परत वाचलं.

"'मला' नको. 'आम्हाला' कर. माझं नाव वर घाल, तुझं खाली. अ‍ॅडजस्ट करायला मी सांगितलं होतं." मग थोड्या वेळानं म्हणाले, "बावीस वर्षांत हा एकच मजकूर मी दोनदा वाचायला सांगितला."

चष्मा नसल्यामुळं त्यांना त्या दिवशी पुसायला काही नव्हतं. मी निघेपर्यंत ते पट्टीच्या कडेला बोट लावत राहिले.

अंक तोंडावर असल्यानं बाईंच्या नेमणुकीला अध्यक्षांनी हरकत घेतली नाही; शुद्धिपत्राचं कळल्यावर मात्र त्यांनी आधी 'संस्थेच्या बदनामी'चा उल्लेख केला, मग वकिलाचा, मग स्वतःच्या रक्तदाबाचा. जुने संपादक शुद्धिपत्रावर सही करून बसलेत म्हटल्यावर ते सौम्य झाले आणि त्यांनी एकच विनंती केली: मजकुरात 'नजरचुकीनं' हा शब्द असावा.

बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, नजर चुकली नव्हती."

शुद्धिपत्र छापलं गेलं, शेवटच्या पानावर नव्हे, पहिल्या. मी महिनाभर टपालाची वाट पाहिली. निषेधाची पत्रं येतील, वर्गणीदार सोडून जातील, कुठल्यातरी परिषदेत लोक माझ्याकडं बोट दाखवतील. एकही पत्र आलं नाही. आमचं जर्नल कोण कोण वाचतं याचा अंदाज मला होता, पण इतका अचूक असेल असं वाटलं नव्हतं. मला कुणी काढलंही नाही. जुने अंक मात्र बाईंनी वेबसाइटवर परत लावले, आणि त्या लेखाच्या माथ्यावर शुद्धिपत्र जोडलं.

आता त्या आठवड्यातून तीन दिवस आनेकलहून येतात. प्रत्येक लेखाचे संदर्भ स्वतः उघडून बघतात, आणि मी केलेली दुरुस्ती पटली नाही तर पेन्सिलनं बारीक प्रश्नचिन्ह काढून कागद परत पाठवतात. सुरुवातीला राग यायचा. हल्ली प्रश्नचिन्ह नसलं की चुकल्यासारखं होतं.

गेल्या आठवड्यात अध्यक्षांनी नवा लेख दिला. विषय: चूक कबूल करण्याचं धैर्य. बाईंनी तो, इतर कुणाचाही पाठवला असता तसा, लेखकाचं नाव झाकून दोन परीक्षकांकडं पाठवला. तेव्हापासून अध्यक्ष रोज सकाळी फोन करतात.

"काही कळलं का हो?"

"वेळ लागतो, सर," मी सांगते. "परीक्षक वाचतायत."