जोरदार स्प्रिंग

घड्याळवाल्या काकूंसारखा कारागीर दिवा घेऊन शोधलात तरी मिळायचा नाही. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. एक टेबल, एक दिवा, काकूंच्या डोळ्याला भिंग आणि जिभेला धार. जुन्या घड्याळाची तबकडी चकाचक करून मागणाऱ्याला त्या सरळ सुनवायच्या, "अहो, म्हाताऱ्या माणसाच्या सुरकुत्यांवर इस्त्री फिरवता का? मूळचं आहे ते राहू द्या." जुनं मशीन काढून सेलवरचं बसवून देणारे बाजारात पायलीचे पन्नास होते. त्यांचं नाव काढलं तरी काकूंचं डोकं फिरायचं.

एका सकाळी एक निवृत्त पोस्टमन रुमालात गुंडाळलेलं घड्याळ घेऊन आले. घड्याळ बायकोचं. ती नर्स होती, जन्मभर त्याच घड्याळावर तिनं पेशंटच्या नाड्या मोजल्या. तिला जाऊन वर्ष झालं होतं.

"सहा वर्षं बंद आहे," पोस्टमन म्हणाले. "माझ्याच हातून मेलं. ती तापानं पडली होती, म्हणून चावी मी दिली. जास्त दिली गेली. त्याच दिवशी बंद पडलं. आता नात नर्स झालीय, ती मागते. चालेल का हो?"

"बसा. बघू," काकू म्हणाल्या.

झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं कोरलेली तारीख होती. दुरुस्त करणारा तशी कोरतोच. बावीस वर्षांपूर्वीची, आणि अक्षर काकूंचंच! काकूंना आधी बरं वाटलं. मग एकेक पेच काढत त्यांनी स्प्रिंगची डबी उघडली आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

आतली स्प्रिंग हवी त्याहून जोरदार होती. काकूंना लख्ख आठवलं. वडील नुकतेच गेलेले, दुकान एकटीच्या अंगावर, कामाचा ढीग. तेल वाळून घड्याळ मंदावलं होतं. ते काढायला अख्खं मशीन सुटं करावं लागतं. तेवढा कंटाळा केला आणि जोरदार स्प्रिंग घालून घड्याळ चालू करून दिलं. दमलेल्या बैलाला चाबूक मारून पळवावं, तसं. पळालं बिचारं सोळा वर्षं! पण त्या जोरानं चाकांच्या आसांची टोकं ज्यांत फिरतात ती छिद्रं झिजत गेली, आणि एक दिवस चाकं तिरकी होऊन अडकली.

गप्प बसल्या असत्या तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. वर गिऱ्हाईक स्वतःच गुन्हा कबूल करून बसलेलं! पण काकूंनी भिंग काढून ठेवलं.

"भाऊ, जास्त चावी देऊन घड्याळ मरत नाही. पूर्ण भरली की चावी अडते, बस्स. हे मी मारलंय." आणि त्यांनी सगळं सांगितलं. वय, गडबड, कशाचीही सबब पुढे केली नाही. याला छाती लागते महाराजा!

"म्हणजे मी नव्हे?"

"तुम्ही नव्हे."

पोस्टमन ताडकन उठले. "आणि सहा वर्षं मी...!" ते परत बसले. "शेवटच्या आजारपणात तिचा हात हातात घ्यायला गेलो की म्हणायची, 'नको बाई, हाही मोडाल.' थट्टाच करायची हो. पण मला ते लागायचं. पुढे पुढे मी हात घेणंच सोडलं."

काकूंच्या डोळ्यांना धार लागली. माफी कुठल्या तोंडानं मागायची?

तीन आठवडे त्यांनी दुसरं काम हातात घेतलं नाही. प्रत्येक झिजल्या छिद्रात केसाएवढं पितळी अस्तर बसवलं. वडिलांच्या वेळचे डबे उपसून बेताच्या जोराची स्प्रिंग शोधली. पिवळ्या पडलेल्या तबकडीला बोटही लावलं नाही.

पोस्टमन आले तेव्हा घड्याळ तयार होतं, पण बंद.

"चावी तुम्ही द्यायची," काकू म्हणाल्या.

त्यांनी चार फेरे दिले आणि थांबले.

"अजून."

"नको हो."

"अडेपर्यंत द्या, भाऊ. माझ्या भरवशावर."

एकेक फेरा मोजत ते देत गेले. चावी अडली. घड्याळ चालतच राहिलं. पोस्टमननी ते कानाशी धरलं.

"एवढं ठाऊक असतं ना," ते म्हणाले, "तर धरला असता हो मी तिचा हात."